सुरवंटाचं पान उपटून फुलपाखरू उद्यान होत नाही

प्रति,
मा. नगराध्यक्ष, उद्यान समितीचे सभापती आणि सर्व नगरसेवक-नगरसेविका

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तळ्याच्या उत्तरेकडच्या उतरणीवर दोन दिवस जेसीबी चालला. गडग्याला लागून वाढलेली रुई, माकडलिंबाची झुडपं, एरंड, कुंपणावर चढलेली सापसंदाची वेल, सावलीतली पानफुटी सगळं निघालं आणि ट्रॉलीत भरून गेलं. जूनमध्ये तिथे लॉनच्या लाद्या आल्या. जुलैत, पावसाने टाकळा वर आला तेव्हा, पाठीवर पंप घेतलेली माणसं येऊन तणनाशक मारून गेली. आता सिमेंटचं मोठं निळं फुलपाखरू बसवून झालं आहे आणि येत्या १५ ऑगस्टला 'फुलपाखरू उद्याना'चं उद्घाटन आहे, असं फ्लेक्सवरून कळलं.

मी या गावच्या शाळेत चोवीस वर्षं विज्ञान शिकवलं. आपल्यापैकी दोघे माझे विद्यार्थी आहेत. उद्यान करावं ही आपली इच्छा चांगली आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही, म्हणूनच हे पत्र लिहिताना जास्त वाईट वाटतं. आपण ज्याच्या नावाने उद्यान करता आहात, त्याची अंडी घालायची जागाच त्या दोन दिवसांत गेली. मी जूनमध्ये अर्ज दिला होता. आवक शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे, उत्तर नाही. म्हणून आता सगळ्या गावासमोर लिहिते आहे.

त्या उतरणीशी माझं नातं एका माणसामुळे जुळलं. तो माणूस मी जन्मायच्या आधीच गेला. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझी तक्रार आपल्याला नीट कळणार नाही, म्हणून थोडं मागे जाते.

माझं माहेर सदाशिवगडचं, काळी नदीच्या अलीकडचं. पलीकडे कारवार. हा उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. १८८४ मध्ये टॉमस रीड डेव्हिस बेल नावाचा एकवीस वर्षांचा आयरिश तरुण मुंबई इलाख्याच्या वनखात्यात दाखल झाला आणि पुढे या जिल्ह्यात आला. तिथे त्याला दोन जोडीदार भेटले. एक जिल्ह्याचे कलेक्टर जेम्स डेव्हिडसन. दुसरे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. ते मीठ आणि जकात खात्यातले, जन्माने साताऱ्याचे आणि १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक. कलेक्टर, मिठाचा अधिकारी आणि जंगलचा अधिकारी अशा या तिघांनी मिळून कारवारच्या रानात सुरवंट शोधायला सुरुवात केली.

फुलपाखरं पकडून टाचणीला लावणारे त्या काळी पुष्कळ होते. पेटीतल्या सुंदर पंखांना नाव द्यायचं, रंग लिहायचे, की काम झालं. या तिघांना वेगळा प्रश्न पडला होता: हे फुलपाखरू लहानपणी काय खात होतं? त्याचं उत्तर जाळं फिरवून मिळत नाही. मादीच्या मागे मागे जावं लागतं, ती कोणत्या पानावर पोट टेकवते ते पाहावं लागतं, ते झाड ओळखावं लागतं, अंडं घरी आणून त्याच झाडाची ताजी पानं रोज पुरवावी लागतात. सुरवंट कात टाकतो, कोष करतो, त्यातून फुलपाखरू निघतं, तेव्हा कुठे एका ओळीची खात्री होते की अमुक फुलपाखरू अमुक झाडावर वाढतं. पावसाळ्यातल्या कोकणात डब्यात ठेवलेली पानं कशी बुरशी धरतात हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यामुळे त्या एका ओळीची किंमत मला माहीत आहे.

१८९६ पासून तिघांच्या नावाने उत्तर कानड्यातल्या फुलपाखरांवरची लेखमाला सोसायटीच्या जर्नलमध्ये क्रमशः आली. पुढे डेव्हिडसन आणि एटकेन मायदेशी परतले, बेल मात्र थांबले नाहीत. १९०९ पासून त्यांनी मैदानी भागातल्या नेहमीच्या फुलपाखरांवर एकट्याने मालिका सुरू केली आणि ती वर्षानुवर्षं चालू राहिली. अंडं पानाच्या वर की खाली, सुरवंट खाताना कुठे बसतो आणि विसावताना कुठे, पान कसं दुमडतो, कोष कोणत्या काडीला आणि कसा टांगतो, मुंग्या त्याच्याभोवती असतात का आणि कोणत्या, सगळं. छोट्या निळ्या फुलपाखरांच्या सुरवंटांना मुंग्या राखतात, बदल्यात सुरवंट त्यांना गोड थेंब देतो. ही देवघेव बेल यांनी जातीजातीगणिक टिपून ठेवली. मुंबई इलाख्याचे मुख्य वनसंरक्षक होऊन ते १९२० साली निवृत्त झाले. निवृत्त झालेले साहेब सहसा बोटीत बसून घरी जात. बेल कारवारलाच राहिले. १९३७ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मेजर स्कॉट यांच्याबरोबर त्यांचा हॉक मॉथ जातीच्या पतंगांवरचा ग्रंथ निघाला. १९४८ मध्ये कारवारलाच त्यांचा शेवट झाला.

ते परकीय सरकारचे अधिकारी होते आणि त्यांच्या खात्याने कानड्यातल्या लोकांचे रानावरचे हक्क आवळले, हे मी विसरत नाही. त्यांचे नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत, कारवारात नाहीत, याचंही मला दुःख आहे. पण त्या माणसाने साठ वर्षं कोकणच्या पानाला मान दिला. झाडं ओळखणं हे त्यांच्या नोकरीचं काम होतं आणि म्हणूनच ते फुलपाखरांचं बालपण लिहू शकले. २०१८ साली शास्त्रज्ञ आणि हौशी निरीक्षकांनी मिळून पश्चिम घाटातल्या फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींची एकत्र यादी प्रसिद्ध केली. ३३६ पैकी ३२० जातींच्या नोंदी तिच्यात आहेत, आणि त्या यादीच्या पायाशी बेल आणि त्यांच्या सोबत्यांचं काम आहे.

नोकरीत लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका मैत्रिणीने मुंबईहून त्या जर्नलच्या काही पानांच्या झेरॉक्स मला पाठवल्या. कारवारचं नाव वाचून मी त्या घेऊन बसले. इंग्रजी अवघड होतं, पण झाडं ओळखीची होती. दुसऱ्या दिवशी आठवीच्या मुलांना घेऊन तळ्याच्या उतरणीवर गेले. आंब्याच्या एका पानाकडे बोट दाखवून एक मुलगा म्हणाला, "बाई, ह्या पानाक केस इलेत." पाहिलं तर बॅरन फुलपाखराचा सुरवंट! हिरवागार, पाठीवरून पिवळसर रेघ, दोन्ही बाजूंना पिसांसारखे पसरलेले काटे. पाठीवरची रेघ त्याने पानाच्या मधल्या शिरेवर इतकी नेमकी टेकवली होती की सुरवंट कुठे संपतो आणि पान कुठे सुरू होतं ते कळेना. चाळीस मुलं अर्धा तास त्या एका पानाभोवती उभी होती. त्या दिवशी आमची पहिली वही सुरू झाली. तारीख, झाड, सुरवंट, कोष, फुलपाखरू असे बेल यांच्या पद्धतीने पाच रकाने. अशा तीन वह्या भरल्या. त्या अजून माझ्याकडे आहेत.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी: उतरणीवर जे होतं त्याला आपल्या ठरावात 'झाडी-झुडपे व कचरा' म्हटलं आहे. तो कचरा नव्हता. रुईवर प्लेन टायगर वाढतो. त्याचा सुरवंट आधी पान कुरतडून चीक वाहून जाऊ देतो आणि मग खातो. रुईतलं विष अंगात साठवतो, त्यामुळे मोठा झाल्यावर पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. या प्लेन टायगरचं सोंग घेऊन डॅनाइड एगफ्लायची मादी सुखरूप फिरते, आणि ती अंडी घालते घोळीच्या भाजीवर. घोळही तिथेच होती, पंपहाऊसच्या पायरीशी. म्हणजे एका रुईच्या बेटावर दोन जातींचा जीव टांगलेला होता. सापसंदाच्या वेलीवर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ वाढतात. सह्याद्रीतलं सर्वांत मोठं फुलपाखरू, सदर्न बर्डविंग, तेही याच वेलीच्या गणगोतावर. पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून रेड पिएरोचा सुरवंट गर खात राहतो. पान उजेडाकडे धरलं की आत त्याची सावली सरकताना दिसते, हे पाहायला मुलं रांग लावत. टाकळ्यावर छोटी पिवळी फुलपाखरं वाढतात. आणि टाकळा तर आपल्या बायका पहिल्या पावसात भाजीला खुडतात. त्यावर तणनाशक मारताना निदान तेवढा तरी विचार व्हायला हवा होता.

माकडलिंबाबद्दल वेगळं सांगते. लिंबाच्या जातीची ही काटेरी झुडपं, यांच्यावर ब्लू मॉरमॉन अंडी घालतं. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असं करणारं आपलं राज्य देशात पहिलं. आपण सिमेंटचं निळं फुलपाखरू बसवलं आहे ते त्याचंच असावं. ते जिथे बसवलं आहे, बरोब्बर त्याच जागी माकडलिंबाचं सर्वांत जुनं झुडूप होतं. मे महिन्यात ते मी उघड्यावर पडलेलं पाहिलं, मुळं वर आलेली.

दुसरी तक्रार आंब्यांवरच्या बांडगुळाची. दोन जुने रायवळ आंबे आपण ठेवलेत त्याबद्दल मी आभारी आहे. पण त्यांच्यावरचं बांडगूळ एक न एक फांदी करून उतरवलं. मराठीत बांडगूळ ही शिवी आहे, ते मला ठाऊक आहे. हापूसच्या बागेत बागायतदाराला ते काढावंच लागतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या रायवळांचा आंबा कुणी बाजारात नेत नाही, आणि कॉमन जेझबेल, ज्याला आपण पंखांच्या पिवळ्या-लाल ठिपक्यांमुळे कौतुकाने हळदीकुंकू म्हणतो, ते बांडगुळावरच वाढतं. त्याचे सुरवंट घोळक्याने राहतात, फांदी हलली की रेशमाचा धागा सोडून सगळे एकदम खाली लोंबतात. उद्यानाच्या फ्लेक्सवर हळदीकुंकवाचा फोटो आहे. त्याचं अन्न मात्र उतरवून जाळलं.

तिसरी: तिथे आता जे लावलं आहे त्यात ड्युरांटा, बोगनवेल, इक्झोरा आणि कार्पेट गवत आहे. इक्झोरावर, ड्युरांटावर फुलपाखरं येतील, मध पितील. पण अंडं घालायला त्यांना दुसरीकडेच जावं लागेल, आणि ते 'दुसरीकडे' गावात दरवर्षी कमी होतं आहे. फुलं पाहुणचाराला पुरतात. संसाराला पान लागतं.

चौथी: माहितीफलक. त्यावर जीवनचक्राचं जे चित्र आहे ते अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचं आहे. ते आपल्याकडे सापडत नाही. सुरवंट ज्या पानावर बसलेला दाखवला आहे, त्या पानाला नाव नाही. आमच्या शेजारच्या कारवारात एका माणसाने आयुष्य घालून त्या पानांची नावं लिहून ठेवली, आणि आपल्या फलकावर मात्र नुसतं हिरवं पान काढलेलं आहे. हे पाहून मला रात्री झोप लागली नाही. एका फलकासाठी कुणाची झोप जाते का, असं कुणी विचारेल. चोवीस वर्षं मुलांना 'कोणतं पान?' हा एकच प्रश्न विचारायला शिकवलेल्या बाईची जाते.

पाचवी: कुणाला विचारलं नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. आपली समिती कागदावर आहे. या उद्यानाचा विषय तिच्यासमोर गेला का, हे मी अर्जात विचारलं होतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

उद्घाटनाआधी तिथे कुठलीही फवारणी करू नका, आणि पुढेही तणनाशक व कीटकनाशक या उद्यानात आणायचं नाही असा ठराव करा. कीटकांच्या नावाच्या बागेत कीटकनाशक नको, एवढंच.

पंपहाऊसपासून मागच्या गडग्यापर्यंतचा पट्टा, अंदाजे दहा गुंठे, लॉन न करता मोकळा सोडा. तिथे रुई, माकडलिंबू, कढीपत्ता, सापसंद, पानफुटी, एरंड, बहावा लावू. रोपं विकत आणावी लागणार नाहीत. परड्यातून, पाणंदीतून आम्ही ती आणून देतो. शाळेच्या आजच्या मुलांशी आणि मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. त्या पट्ट्यातली पानं खाल्लेली दिसली तर माळ्याने ती 'रोग' समजून छाटू नयेत, यासाठी माळीदादांबरोबर एक सकाळ घालवायला मी तयार आहे.

रायवळ आंब्यांवर पुन्हा येणारं बांडगूळ एका-दोन फांद्यांवर तरी राहू द्या.

माहितीफलक बदला. त्यावर ब्लू मॉरमॉन आणि माकडलिंबू असू द्या, प्लेन टायगर आणि रुई असू द्या, प्रत्येक फुलपाखरासमोर त्याच्या पानाचं नाव. आणि खाली बेल, डेव्हिडसन, एटकेन यांनी काळी नदीच्या काठी हे काम कसं केलं, त्याच्या चार ओळी. त्या जर्नलचे जुने खंड आज बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. त्यातल्या निवडक भागाचं मराठी मी करून देईन, पैसे घेणार नाही. ते नगरवाचनालयात ठेवा. कोकणच्या किड्यांबद्दल जे लिहिलं गेलं ते कोकणच्या मुलांना आपल्या भाषेत वाचता येत नाही, हे शंभर वर्षांनंतर तरी बदलायला हवं.

जैवविविधता समितीची बैठक या महिन्यात बोलवा. आमच्या तिन्ही वह्या मी तिच्याकडे देते. लोक नोंदवहीत त्यांचा समावेश व्हावा. त्या मी फार दिवस कपाटात जपल्या, आता त्या गावाच्या दप्तरात असायला हव्यात.

माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी उद्घाटनाच्या दिवशी काळ्या फिती लावून उभं राहू असं सुचवलं. मी नको म्हटलं. त्या दिवशी मुलं येतील, खाऊ वाटला जाईल. त्यात खंड पडावा असं मला वाटत नाही. मीही येईन.

शेवटी एक तातडीची गोष्ट. पंपहाऊसच्या मागे जेसीबीचा दात पोचला नव्हता. तिथे रुईचं एक ठुटं राहिलं होतं, ते फुटलं आहे. परवा पावसाने उघडीप दिली तेव्हा मी तिथे होते. प्लेन टायगरची मादी आली, दोन फेऱ्या मारल्या आणि पानाच्या खालच्या अंगाला टेकली. ती गेल्यावर पान उलटून पाहिलं. मोत्यासारखं पांढरं, बारीक रेघांचं अंडं. सगळी मिळून चार मोजली, प्रत्येक वेगळ्या पानावर. तीन-चार दिवसांत ती उबतील, १५ तारखेच्या आत सुरवंट बाहेर आलेले असतील.

उद्घाटनाआधीची शेवटची साफसफाई १३ तारखेला आहे असं मुकादमांनी सांगितलं. त्या ठुट्याला मी लाल रिबीन बांधून ठेवली आहे. ग्रास कटर तिथे नेऊ नका, एवढं कृपया त्यांना आजच कळवा.

आपली,
याच गावची एक निवृत्त विज्ञान शिक्षिका